नंबरवाल्या बाई

आमच्या गावात नवा माणूस आला की लोक त्याला गाव विचारत, जात विचारत, फारच झालं तर पगार विचारत. बाई नंबर विचारायच्या. नव्या कंपाउंडरला, काळीपिवळीच्या ड्रायव्हरला, जत्रेत दात काढून देणाऱ्यालाही. "नोंदणी आहे का? मंग नंबर सांगा." एकदा हात पाहणाऱ्या ज्योतिषालाही त्यांनी नंबर विचारला आणि तो बिचारा स्वतःचा मोबाईल नंबर सांगून मोकळा झाला. तेव्हापासून त्या गावाच्या नंबरवाल्या बाई झाल्या.

स्वतःचा नंबर त्या न विचारता सांगत. बाई बौद्ध घरातल्या, वडील रोजमजुरीवर राबलेले. त्या घरातून नर्स होऊन राज्याच्या परिषदेत त्यांचं नाव चढलं होतं. नर्स आणि सुईणींना परवाना देणारी ती परिषद. दर काही वर्षांनी तिथून नंबराचं नूतनीकरण करून घ्यावं लागे आणि त्या दिवशी बाई इस्त्रीची साडी नेसत. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर देवरीच्या अलीकडे, महामार्गालगतच्या आमच्या गावात त्यांनी दोन खाटांचं प्रसूतिगृह काढलं. दारावरच्या पाटीवर नावापेक्षा नंबर मोठा होता. माझी दोन्ही मुलं तिथलीच.

बाजाररस्त्यावर एक इंजेक्शनवाला होता. तापाला इंजेक्शन, अंगदुखीला इंजेक्शन, सासूशी भांडण झालं तरी इंजेक्शन. बाई दर बाजारच्या दिवशी त्याच्या दारात उभ्या राहून विचारत, "नंबर सांग." तो हसायचा. मी एका दैनिकाचा वार्ताहर, म्हणून त्याची बातमी द्यायचं काम माझ्याकडे होतं. मी ती देत होतो आणि दैनिकाच्या गोंदिया कचेरीतले लोक ती कापत होते.

मग परिषदच संपली. खोटं नाही सांगत. तिची मुदत वेळोवेळी कायद्यानं वाढवावी लागते. ती वाढवायचं विधेयक सभागृहात मांडायचं राहून गेलं. परिषद नाही, म्हणून नूतनीकरण नाही. बाई गोंदियाच्या जिल्हा आरोग्य कार्यालयात गेल्या. मी सोबत होतो. कारकून खुर्चीतून न उठता म्हणाला, "मैडम, ऊपर से कुछ आया नहीं. आप काम चालू रखो, कौन पूछता है?"

"मी पुसतो ना!" बाई म्हणाल्या. "आयुष्यभर दुसऱ्याले पुसून राहिली. आता मले लागू नाही का?"

आणि बाईंनी प्रसूतिगृह बंद केलं. पाटी स्वतः स्टुलावर चढून काढली, ओल्या फडक्यानं पुसली आणि खाटेखाली ठेवली. आम्ही सगळ्यांनी समजावलं. जिल्ह्यातल्या बाकीच्या सुईणी, छोटे दवाखाने सगळे बिनघोर चालू होते. बाई म्हणाल्या, "नंबर चालू नाही तवरी या हातानं बाळंतपण नाही." चूक होती का ती? व्यवहाराच्या हिशेबानं होती. पण त्या व्यवहाराची मला अजून चीड येते.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत जंगलाकडच्या गावातून कळा सुरू झालेली एक पोर बैलगाडीतून आली, ती थेट बाईंच्या दारी. बाईंनी तपासलं. अजून वेळ होता. त्यांनी जीप बोलावली, पोरीचं डोकं मांडीवर घेतलं आणि देवरीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. खड्ड्याखड्ड्याला ती पोर विचारत होती, "बाई, तुमीच काऊन नाई करत?" बाळबाळंतीण सुखरूप राहिली. पण जीप निघताना आपल्या दारात उभं राहून तो इंजेक्शनवाला ओरडला होता, "काय बाई, नंबर सांगा ना!" बाजारातले चारजण हसले. त्या दिवशी माझा हात उठायचा राहिला.

दर डिसेंबरात सभागृह नागपूरला भरतं आणि विदर्भातली सगळी गाऱ्हाणी मोर्चे काढून तिथं जातात. बाई मोर्चा काढत नसत. त्या एकट्याच महामार्गावरची बस धरून जायच्या आणि कोणाच्याही मोर्चात शिरायच्या. कधी अंगणवाडीवाल्या, कधी विनाअनुदानित मास्तर. बॅरिकेडपाशी मोर्चा अडला की शिष्टमंडळाला आत सोडतात. बाई त्यात घुसून आपलं निवेदन द्यायच्या. एका वर्षी मंत्रिसाहेबांचा माणूस म्हणाला, "तुमचं विधेयक यादीत आहे, पण गोंधळामुळे कामकाज तहकूब झालं." बाई म्हणाल्या, "बाळंतपण तहकूब होत नाही, साहेब." बाहेर येऊन त्यांनी शिदोरी सोडली आणि फुटपाथवर बसून निवांत भाकर खाल्ली. त्या वर्षी बातमीसाठी सोबत गेलेलो मी मात्र त्या माणसाला शिव्या घालत राहिलो.

शेवटी एका हिवाळ्यात, अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी, आरडाओरड्यात एका दमात पुष्कळ विधेयकं मंजूर झाली. त्यात बाईंचंही होतं. गावात पेढे मीच वाटले. बाई इस्त्रीची साडी नेसल्या आणि आम्ही पुन्हा गोंदियाला गेलो.

नवा नियम आला होता. परिषद नव्हती त्या काळातही ज्यांनी काम चालू ठेवलं, त्यांनी तसं लिहून द्यायचं आणि नूतनीकरण करून घ्यायचं. ज्यांचं काम खंडित झालं, त्यांनी मुंबईला जाऊन पुन्हा प्रशिक्षण घ्यायचं, तेही वयाच्या अटीत बसत असतील तर. बाई त्या अटीत बसत नव्हत्या.

म्हणजे ज्यांनी कायदा मोडला त्यांना नंबर, आणि जिनं पाळला ती बाद! मी टेबलावर हात आपटला. कारकुनानं मलाच शांत केलं. "मैडम, एक लाईन लिख दो, काम चालू था. बस."

बाईंनी पेन घेतलं, टोपण काढलं, परत लावलं. "चालू नोहतं," त्या म्हणाल्या. "पुऱ्या गावाले मालूम आहे." आम्ही परतीची बस धरली. देवरीच्या अलीकडे त्यांनी मला एवढंच विचारलं, "भाऊ, मी थांबली, हे खरंच चुकलं का?" मी "नाही" म्हणालो. माझा आवाज इतका चढला की कंडक्टरनं वळून पाहिलं.

प्रसूतिगृहाच्या खोलीत पुढे धानाची पोती आली. काही वर्षांनी बाई गोंदियाजवळ बिरसीकडे भाचीच्या घरी राहायला गेल्या. गोंदियाच्या दवाखान्यात त्यांना भेटलो ती शेवटची भेट. एक तरुण नर्स सलाईन लावायला आली. बाईंनी हात मागे घेतला. "नंबर सांग, बेटा."

पोरगी हसली आणि तिनं घडाघडा नंबर सांगितला. बाईंनी हात पुढे केला. शीर शोधता शोधता पोरीनं विचारलं, "आजी, तुमी पण सिस्टर होत्या का?"

"होती नाही, बेटा, आहे," बाई म्हणाल्या. "नंबर नाही."