आक्काची डॉक्टरीण

आक्का गेल्याचा फोन मला गावातल्या नर्सबाईंनी केला. त्यांनी माझ्या आधी डॉक्टरीणबाईंना कळवलं होतं, हे बोलता बोलता त्यांच्या तोंडून निघालं. सख्खी बहीण गेलेली, आणि तिच्या गावी, मंद्रूपला पोचेपर्यंत माझ्या मनात तेवढंच खुपत राहिलं. आता महिना होऊन गेला... अजून खुपतं.

आक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, म्हणून मला तिनंच वाढवलं. तिला साखर आणि बीपी. दर महिन्याला ती सकाळच्या एसटीनं सोलापूरला यायची. मी स्टँडवर हात धरून तिला उतरवून घ्यायचो. डॉक्टरांना दाखवून झालं की दोन दिवस माझ्याकडं राहायची. नोकरी संपलेली, बायको गेलेली. माझ्या घरात महिन्यातले तेवढेच दोन दिवस कुणाचा आवाज असायचा. मग नर्सबाई मोबाइलवर डॉक्टरीण दाखवू लागल्या आणि आक्काचं येणं थांबलं. "लई गुणाची बाई हाय," ती मला फोनवर सांगायची, "समदं इचारती." मला ते ऐकवत नसे. एकदा मुद्दाम तिच्याबरोबर नर्सबाईंच्या खोलीवर गेलो. डॉक्टरीण पडद्यावर दिसली तशी आक्का म्हणाली, "बाळू, जरा बाहीर बस की. मला बोलायचं हाय." मी ओट्यावर, आणि आत तिचं हसणं...

त्याच रागात तिला म्हणालो, "नाडी न बघता कसली गं डॉक्टरीण? उद्या बरंवाईट झालं तर? तू आपली सोलापूरलाच ये." ती पुढल्या महिन्यात एसटीनं आली. तीन महिने येत राहिली. मी जिंकल्यासारखा खूश होतो. चौथ्या महिन्यात, एका दुपारी जेवून पडली ती उठलीच नाही.

तेराव्याला नर्सबाईंनी फोन माझ्या हातात दिला. पडद्यावर तिशीतली मुलगी, डोळे लाल. मी विचारलं, "एवढं काय बोलायची हो तुमच्याशी?" ती घुटमळली. "गुडघ्यांचं. एसटीची पायरी चढता-उतरता जीव जायचा म्हणायच्या, कित्येक वर्षं. परत सोलापूरला जाते म्हणाल्या, तेव्हा मी प्रवास नकोच म्हटलं होतं. तर म्हणाल्या, बाळू वाट बघत असतोय."

उतरताना ती माझा हात घट्ट धरायची. मला ती माया वाटायची.

दुसऱ्या दिवशी निघताना नर्सबाईंच्या खोलीत डोकावलो. खिडकीच्या गजाला सुतळीनं एक लहान आरसा बांधलेला होता. "आक्कांनी बांधलाय," नर्सबाई म्हणाल्या. "डॉक्टरीणबाई बघत्यात, नीट दिसाय पायजे म्हनायच्या." खुर्चीत गावातली दुसरी एक म्हातारी बसली होती. तिनं आरशात बघून केस मागं सारले, पदर सारखा केला आणि म्हणाली, "हं, लावा आता."