खरवडलेला आकडा

रुपचंद अहिरे आमच्या रुग्णालयात अठ्ठावीस वर्षे नोंदलेखनिक होते. धुळ्यातील ते एक जुने धर्मादाय रुग्णालय. मी तेथे कार्यालय अधीक्षक होतो. रुग्ण घरी गेला की त्याचा केसपेपर रुपचंदांच्या मेजावर येई. डॉक्टरांचे निदान वाचायचे, रोगवर्गीकरणाच्या जाड पुस्तकात त्याचा क्रमांक शोधायचा आणि तो नोंदवहीत व रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर लिहायचा, एवढे त्यांचे काम. वॉर्डातले कर्मचारी जाता-येता विचारीत, "रुपचंदभाऊ, आज काय आकडा लागला?" मटक्याचा तो विनोद त्यांना रुचत नसे, तरी ते मान वर न करता सांगत, "पाचशे चाळीस. अपेंडिक्स."

नेमून दिलेले नसताना एक काम मात्र ते करीत. कार्डावरील इंग्रजी निदानाखाली रोगाचे नाव सुवाच्य मराठीत लिहीत. एरंडोलकडील एका बौद्ध शेतमजूर कुटुंबात त्यांचा जन्म. आई गेली तेव्हा घरात दवाखान्याची एक इंग्रजी चिठ्ठी राहिली होती आणि ती कोणालाच वाचता येत नव्हती. आपल्याला काय झाले हे माणसाला कळले पाहिजे, असे ते म्हणत. मी हरकत घेतली नव्हती. माझा आग्रह एकच असे: नोंदवहीत खाडाखोड दिसता कामा नये.

१९८६ च्या हिवाळ्यात दोंडाईचाजवळच्या एका खेड्यातील अभिमन पाटील आपल्या मुलीला घेऊन आले. कमल तेव्हा चौदा वर्षांची होती. तिला तीन वेळा झटके आले होते आणि दंडाच्या कातडीखाली हरभऱ्याएवढ्या गाठी लागत होत्या. डॉक्टरांनी एक गाठ काढून तपासून घेतली. तीत पट्टकृमीची अळी निघाली. तशीच एखादी मेंदूत असावी आणि झटके तिच्यामुळे येत असावेत, असे त्यांनी लिहिले. औषधांनी झटके थांबले. रुपचंदांनी पुस्तक पाहून १२३.१ हा क्रमांक टाकला आणि कार्डावर खाली मराठीत लिहिले, 'डुकरातील पट्टकृमीच्या अळीचा संसर्ग'.

अभिमन पाटलांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. कार्ड त्यांनी बाकावर बसून वाचले. मग मेजापाशी आले. रुपचंदांनी त्यांना शांतपणे समजावले. यासाठी मांस खावे लागत नाही. माणसाच्या विष्ठेतून कृमीची अंडी शेतात येतात आणि न धुतलेल्या कोथिंबिरीतून, मुळ्यातून पोटात जातात. पाटलांनी ते सारे ऐकून घेतले.

"माले समजनं, भाऊ. पन गावले कोन समजाडी? मना घरमा कांदा बी येत नही."

मग कार्डावर काय लिहायचे, असे रुपचंदांनी विचारले. फिटच लिहा, असे ते म्हणाले.

"फिट येस नि जास. डुक्कर जात नही."

रुपचंदांनी जुने कार्ड फाडून नवे केले. त्यावर 'अपस्मार, ३४५' असे लिहिले. नोंदवही त्यांनी तशीच राहू दिली होती. महिनाअखेरीस ताळा घेताना कार्डाची स्थळप्रत आणि नोंदवही जुळत नसल्याचे माझ्या ध्यानी आले. दोन्ही जुळवा, असे मी सांगितले. कोणते खरे, हे मी विचारले नाही. रुपचंदांनी ब्लेडने जुना आकडा खरवडला, जागा नखाने घोटली आणि तेथे ३४५ लिहिले. त्यांचे काम नेहमीप्रमाणे स्वच्छ होते.

१९९३ मध्ये कमलचे लग्न पाचोऱ्याला झाले. पुढल्या वर्षी एका उपासाच्या दिवशी ती घेरी येऊन पडली. सासूने तिची पेटी उघडली, तेव्हा लुगड्यांच्या घडीत ते कार्ड सापडले. लग्नापूर्वीपासून मुलीला अपस्मार होता, सबब विवाह रद्द ठरवावा, असा अर्ज नवऱ्याने जळगावच्या न्यायालयात केला. कायद्यात त्या वेळी तशी तरतूद होती. अभिमन पाटील पुन्हा धुळ्याला आले. या वेळी त्यांना डुक्कर हवे होते.

ते आमच्यापाशी उरले नव्हते. केसपेपर व त्याला जोडलेला गाठीचा अहवाल पाच वर्षांच्या नियमाप्रमाणे नष्ट झाला होता. नष्ट करावयाच्या यादीवर सही माझी होती. डॉक्टर सौदीला निघून गेले होते. मूळ नोंदवही घेऊन मी आणि साक्षीदार म्हणून रुपचंद, असे आम्ही दोघे जळगावला गेलो.

रुपचंदांनी काहीही लपवले नाही. मूळ क्रमांक १२३.१ होता आणि तो आपणच बदलला, असे त्यांनी शपथेवर सांगितले. जुळवायला कोणी सांगितले, हे त्यांना कोणी विचारले नाही; त्यांनीही सांगितले नाही. नवऱ्याच्या वकिलांनी ते पान खिडकीच्या उजेडात धरले. कागद तेवढ्या जागी पातळ झालेला दिसत होता. खालचा आकडा वाचून दाखवा, असे ते म्हणाले. न्यायाधीशांनी भिंगातून पाहिले, मग मीही पाहिले. रेघ मारून शेजारी सही केली असती, तर जुना आकडा वाचता आला असता. तेथे काहीच नव्हते. मला विचारले तेव्हा मी सांगितले, "नोंदवहीनुसार अपस्मार."

तीन महिन्यांनी विवाह रद्द झाला. न्यायालयाने नोंदवही परत नेण्यास कळवले म्हणून आम्ही दोघे पुन्हा जळगावला गेलो; त्याच दिवशी निकालाची प्रत घेण्यासाठी पाटीलही मुलीला घेऊन आले होते. आवारातील लिंबाखाली कमल प्रथमच आमच्याशी बोलली. त्या आठ वर्षांत तिला एकही झटका आला नव्हता.

"मंग माले काय व्हयेल व्हतं, भाऊ?"

तिला कोणीच सांगितले नव्हते; साक्षीच्या दिवशीही बापाने तिला घरीच ठेवले होते. रुपचंदांनी बापाकडे पाहिले; पाटलांनी मान फिरवली. मग रुपचंदांनी खिशातून कोरा कागद काढला, नोंदवहीच्या पुठ्ठ्यावर ठेवून क्रमांक लिहिला, खाली मराठीत नाव लिहिले आणि सही केली. तिने अक्षर लावून ते दोनदा वाचले.

"यावर शिक्का नही?"

रुपचंदांनी माझ्याकडे पाहिले. कागदाची चौघडी करून तिने ती पदराच्या टोकाला बांधली आणि बापाच्या मागून स्टँडकडे चालू लागली.

शिक्का माझ्या पिशवीत होता.