न धुतलेले हात

"घ्या, वास घ्या," असं म्हणून त्याने माझ्या आईचं मनगट धरलं आणि नांदेडहून आलेल्या एका बाईंच्या नाकाशी नेलं. बाईंनी डोळे मिटून वास घेतला. "किती रिअल आहे ना," त्या म्हणाल्या. टेबलाभोवतीचे बाकीचे हसले. दोघांनी मोबाइल वर धरले. आईपण हसली. तिला हसायचं नव्हतं, हे तिथे फक्त मला माहीत होतं.

हे डोंगरकडा गावाच्या अलीकडे, रोडवर घडलं. तिथे मालकांचं, म्हणजे गावच्या जमीनदारांचं, हळदीचं जुनं गोदाम होतं. मनगट धरणारा हा मालकांचा मुलगा परदेशात स्वयंपाक शिकून आला आणि त्याने गोदामात फ्रेंच हॉटेल काढलं. बिस्ट्रो म्हणतात त्याला. भिंतींच्या विटा मुद्दाम उघड्या ठेवल्या आहेत. पाटीवरचं नाव गावात कुणालाच वाचता येत नाही. मी बी.ए. झालेली, मलाही नाही.

तिथे आमच्या शेळ्यांचं दूध जायचं. त्याचं चीज व्हायचं. आमचं घर धनगराचं. तीस शेळ्या, जमीन नाही. शेळ्या चरायच्या मालकांच्या पडीक रानात. बदल्यात उन्हाळ्यात आमचा कळप त्यांच्या शेतात बसवायचा, म्हणजे त्यांना लेंड्यांचं खत मिळतं. आजोबांपासून हेच चालू. त्यामुळे मालकांना नाही म्हणायची आमच्या घरात कुणाला सवयच नव्हती.

हॉटेल उघडलं त्या रविवारी त्याने आम्हा दोघींना दुपारच्या जेवणाला बोलावलं. "मावशी, आज तुमी पाहुण्या," म्हणाला. एरवी "ए शेळीवाले" म्हणून हाक मारणारा हाच. आईला तर काय करू आणि काय नको असं झालं. ठेवणीतलं लुगडं काढलं. चार वेळा साबणाने हात घासले. मग लिंबू चोळलं, मग माझी पावडर. तळहात माझ्या नाकाशी धरून विचारलं, "वास तर येईना न्हवं?"

तिचं हे विचारणं जुनं आहे. चौथीपर्यंत मालकांचा हा मुलगा माझ्या वर्गात होता. एकदा उभा राहून म्हणाला, "बाई, हिला शेळीचा वास येतो." एवढंच. बाईंनी मला उठवून दाराशी बसवलं. चपलांजवळ. वर्षभर. आईला कळलं तेव्हा ती शाळेत भांडायला गेली नाही. ती मला रोज सकाळी दगडाने घासायला लागली. पाठीची सालटं निघायची. ओरडले तर म्हणायची, "गप, निघून राहिला वास."

हॉटेलात आम्हाला भिंतीकडच्या बाकावर मधोमध बसवलं आणि टेबल आत सरकवलं. दोन्ही बाजूंना पाहुणे. उठायचं तर चौघांना उठवावं लागणार. प्रत्येकापुढे एक जाड कार्ड होतं आणि कार्डावर आईचा फोटो. दूध काढताना, पदर खांद्यावरून घसरलेला. तो कधी काढला, तिला ठाऊकच नव्हतं. खाली पदार्थांची नावं. आई बराच वेळ बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "माझं नाव कुठं हाय गं?"

नाव नव्हतं. मी म्हणाले, "मागच्या बाजूला असंल."

कांद्याचं सूप आलं. चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. मग मोठ्या ताटलीत बीटाच्या दोन चकत्या आणि चीजचा पांढरा गोळा. आईने बोटाने चाखलं. "आपल्या ढवळीचं हाय," म्हणाली आणि खूश झाली. त्या अख्ख्या दुपारी ती खरी हसली ती तेवढीच.

मग त्याने त्या ढवळी शेळीलाच आत आणलं. सकाळीच टेम्पो पाठवून तिला नेलं होतं, ते यासाठी. आईला बाहेर काढायला टेबल ओढलं आणि पुन्हा माझ्या पोटाशी लावलं. "मावशी, दाखवा यांना कसं दूध काढता." आई फरशीवर उकिडवी बसली. ढवळीने तिचे हात हुंगले आणि मागे सरली. दुसऱ्यांदा कासेला हात लावला तशी लाथ झाडली. भांडं उपडं झालं. शेळी माणूस वासावर ओळखते. साबण, लिंबू आणि पावडर लावलेली ही बाई तिच्यासाठी परकी होती. लोक खदाखदा हसले.

"माझंच चुकलं," आई खाली बघून म्हणाली. "हात धुतले म्या."

"धुतले कशाला? चोळा की तिच्या अंगाला. येऊ द्या वास. लोक त्यासाठीच आलेत."

आणि आईने चोळले. मानेला, पोटाला, मागच्या पायांना. माझ्याकडे न बघता. मग त्याने ते मनगट धरलं.

खरं सांगते, आधी मला आईचीच लाज वाटली. टेबलाखाली जावंसं वाटलं. पुढे टेबल, मागे भिंत, जाणार कुठे? मग पाठ पेटली. तीच पाठ, दगडाने घासलेली. ज्या वासापायी याने मला चपलांजवळ बसवलं, तोच वास हा आता ताटलीत वाढत होता.

मी दोन्ही हातांनी टेबल ढकललं. ग्लास पडले.

"हात सोड तिचा."

त्याला अरेतुरे मी चौथीनंतर पहिल्यांदाच केलं. मनगट न सोडता तो माझ्याकडे वाकला. पाहुण्यांसाठी तोंडावर हसू तसंच ठेवून पुटपुटला, "उद्या शेळ्या कुठं चारशील, ते बघून बोल."

"हात सोड."

सोडला.

रस्त्यात आई ढवळीला घेऊन पुढे चालत होती. तिने मला शाबासकी दिली नाही. वळून ओरडली, "काहून बोललीस? आता जनावरं कुठं नेऊ? तुह्या डोक्यावर चारू?" आणि रस्त्यातच रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी रान बंद झालं. आई आता शेळ्या कालव्याच्या काठाने लांब नेते. शेळ्यांचं दूध कमी झालंय. माझ्याशी ती कामापुरतंच बोलते. परवा मालकांच्या वाड्यावरून निरोप आला, पोरीनं माफी मागावी, रान उघडून देऊ. निरोप सांगून आई दारात उभी राहिली.

"मागतीस का?"

"न्हाई."

ती चिडेल असं वाटलं होतं. ती नुसती खांबाला टेकली. म्हणाली, "त्या कार्डाच्या मागं माझं नाव होतं का गं?"

"नव्हतं."

"मंग फोटो काहून ठिवला त्यानं?"

कार्डं अजून तिथल्या टेबलांवर आहेत. रविवारी दुपारी ते हॉटेल गच्च भरलेलं असतं. मी या रविवारीच जाणार आहे. एकेका टेबलावरून आईचा फोटो उचलून आणणार आहे, लोक जेवत असताना. पुढच्या उन्हाळ्यात आमचा कळप त्याच्या शेतात बसणार नाही, हेही तिथेच सांगणार आहे. सकाळी शेळ्या मी पिळीन आणि तशीच उठून निघेन. हात न धुता.