नमस्कार करणारी सायकल

नमस्कारकाका सायकलवरून निघाले, की रस्त्यावरच्या प्रत्येकाला मान लववत जायचे. जयपूरच्या खातीपुऱ्यात तेव्हा ऊन नीट पिवळंही झालेलं नसायचं, कुठेतरी मोर ओरडत असायचे आणि त्या धूसर धुळीतून काका वर-खाली, वर-खाली होत प्रकट व्हायचे. दूधवाला थबकून म्हणायचा, "राम राम सा!" छावणीकडे निघालेले जवानही उलट मान हलवायचे. खरं म्हणजे काका कुणालाच नमस्कार करत नव्हते. त्यांच्या सायकलला पुढे आणि मागे स्प्रिंगा होत्या. प्रत्येक पायडलला ती दबायची, पुन्हा वर यायची आणि तिच्याबरोबर काकाही.

मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायचे. बँकेतली माझी पहिलीच नेमणूक, घर सोडून इतक्या लांब येण्याची पहिलीच वेळ. काका विमा कंपनीत अधिकारी, मूळचे राधानगरीकडचे, बदली होऊन जयपूरला आलेले. नमस्काराचं गुपित मी आल्या आल्याच ओळखलं, आणि त्याची शिक्षाही मला मिळाली. मी समोर दिसले की काका पायडल थांबवून ताठ मानेने नुसते घरंगळत पुढे जायचे. "तुला कशाला नमस्कार? तुला स्प्रिंग ठाऊक हाय की!"

मला सायकल घ्यायची होती, तेव्हा त्यांनी मला दुकानात न नेता कॉलनीमागच्या मोकळ्या प्लॉटांवर नेलं. चपला काढायला लावल्या आणि वाळूतून चालवलं. "पहिली जमीन बघायची, मग खिसा. दुकान सगळ्यात शेवटी." जमीन म्हणजे इथे वाळू, नाहीतर सपाट डांबर. नाहरगड किल्ल्याच्या वाटेवर खडक आहेत, पण तिथे आपण जाणार किती वेळा? आणि आपल्या खिशाला परवडणारी स्प्रिंग म्हणजे कामापेक्षा वजनच जास्त, वर धूळ खाऊन ती कुरकुरायला लागणार. त्यापेक्षा पुढचं चाक धरणारा चिमटा साधा, ताठ घ्यायचा, टायर जाड आणि त्यात हवा जरा कमी. मी चारदीवारीतल्या, म्हणजे जुन्या शहरातल्या, एका दुकानातून अगदी तशीच सायकल आणली. वाळूवरून ती इतकी अलगद जायची, की आजही कधी झोप लागता लागता मी त्या प्लॉटांवरून तरंगत असते आणि पुढे कुठेतरी काका वर-खाली होत असतात.

"मग तुमची अशी का?" एकदा मी विचारलंच. काका वाळूत रुतलेली सायकल घामाघूम होऊन ढकलत होते.

"ही हितली न्हाईच गं. ही आमच्या घरामागच्या उताराची."

त्या उतारावर जांभ्याचे दगड होते, झाडांची मुळं होती आणि खाली नदी. तिथून सुसाट उतरायचं म्हणून त्यांनी हौसेने ती घेतली, आणि मनसोक्त उतरण्याआधीच बदलीचा हुकूम आला. तेव्हापासून दर वर्षी ते गावाकडे परत पाठवा म्हणून अर्ज करत होते.

काकू मात्र जयपुरात केव्हाच रुळल्या होत्या. भाजीवालीशी त्या हिंदीत भांडायच्या आणि तिच्याकडूनच ताकात शिजवलेली बाजरीची राबडी शिकल्या होत्या. काकांच्या गुडघ्यांना तेल चोळताना त्या कुरकुरायच्या, "अहो, वाळूत ते धूड ओढून गुडघे गेल्यावर गावाला जाऊन काय करणार? तो चिमटा बदला की."

"चिमटा बदलला म्हंजे हितंच ऱ्हायचं ठरलं," काका म्हणायचे आणि विषय संपायचा.

मग एका रविवारी काकांच्या धाकट्या भावाचा गावाहून फोन आला. घरामागच्या उतारावर डांबरी रस्ता झाला होता. दगड फोडले, झाडं काढली, आता गाडी थेट दारात येत होती. "बरं झालं," काका फोनवर म्हणाले. "आईला दवाखान्यात न्यायची सोय झाली." ते मनापासून म्हणाले, आणि फोन ठेवून बराच वेळ अंगणात सायकलपाशी उभे राहिले. मला त्यांच्याकडे बघवेना. शेवटी तेच म्हणाले, "चल, तुझं ते दुकान दाखव."

दुकानदाराने पुढे ताठ चिमटा घातला, मागच्या स्प्रिंगेच्या जागी लोखंडी पट्टी बसवली आणि काढलेला माल पुढे केला. "रख लो भैया," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सायकल सरळ रेषेत गेली. दूधवाला कावराबावरा झाला. "भाईसाब, नाराज हो क्या?" काका थांबले. मग त्यांनी स्वतःहून, सावकाश मान लववली. तेव्हापासून ते रस्त्यावर सगळ्यांनाच तशी लववू लागले, मला मात्र अजूनही नाही. गुडघे सुधारले. त्या वर्षी अर्ज गेला नाही.

आणि बदली झाली ती माझी, न मागता, थेट नाशिकला. काकांनीच माझं सामान दोरीने बांधलं. काकूंनी डबा दिला. ऑटो सुटली, तसे काका सायकलवरून शेजारून येऊ लागले. कोपऱ्यावर वेग कमी झाला आणि त्यांनी माझ्याकडे बघून मान लववली.

मी रडत रडत ओरडले, "काका, आता स्प्रिंग कुठंय?"

"म्हणून तर करतोय की, पोरी!"