वजनाला वजन

लोखंडाचा इतका मनापासून तिरस्कार करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही; आणि हा माणूस नोकरीला रेल्वेत होता. मद्रासला बदली होऊन मी एग्मोरला बिऱ्हाड केलं, तेव्हाचे हे आमचे घरमालक; त्यांना आणि त्यांच्या बायकोला आम्ही मामा-मामी म्हणत असू. घराणं तंजावरचं, मराठी जुन्या बखरीतली आणि चाल तमिळ. रेल्वेच्या कारखान्यात सागवानी डबे बांधण्यात उमेदीची वर्षं गेली, आणि आता तिथे पोलादी डबे येऊ लागले होते. हा त्यांना स्वतःचा अपमान वाटे. मी लोखंडी घडीची खुर्ची आणली, तर ती आणि स्वतःचं स्टूल घेऊन ते थेट कोळशाच्या वखारीतल्या काट्यावर गेले. "वजनाला वजन लावा, मग बोला! तितक्याच वजनाचं पोलाद सागापुढे उभं राहात नाही." त्यावर मामी आतून म्हणत, "मग तवा तेवढा सागाचा करून द्या, मी मानते."

हे सगळं गमतीचं होतं, पण अंबूचं लग्न त्यात अडकलं होतं. अंबू ही त्यांची एकुलती एक मुलगी. तिला पाहायला येणाऱ्याच्या हाती सोज्जी-बज्जीची, म्हणजे तिकडच्या शिरा-भज्यांची, बशी पडायच्या आत मामा दोन स्टुलांवर सारख्याच वजनाच्या दोन पट्ट्या आडव्या टाकीत, एक सागाची, एक पोलादाची, आणि विचारीत, "वरवंटा कोण पेलेल?" पोलाद म्हणणारा अडाणी ठरे. साग म्हणणारा खुशमस्कऱ्या. अशी बरीच सोज्जी आम्हीच संपवली.

पुढचा मुलगा पोलादाच्या कारखान्यातला निघाला. फोटोवरूनच तो अंबूला आवडला आहे, हे तिने माझ्या बायकोला सांगून ठेवलं होतं. वरवंटा ठेवला. वजन सारखं ठेवायला कागदासारखी पातळ केलेली पोलादी पट्टी कमरेत वाकली, साग ताठ राहिला. मामा विजयी मुद्रेने म्हणाले, "सांगा पाहू."

"साग जिंकला, मामा," मुलगा म्हणाला. मामांच्या चेहऱ्यावर 'खुशमस्कऱ्या' उमटू लागलं. तेवढ्यात तो उठला, ओसरीच्या कोपऱ्यातल्या ढलप्यांतून लाकडाच्या रेषा आडव्या गेलेला एक तुकडा त्याने उचलला आणि दोन बोटांनी पापडासारखा मोडला. "पण लाकडाला बळ एकाच दिशेने. पोलादाला कसंही फिरवा."

"अय्यो!" मामी म्हणाल्या. दाराआड अंबूच्या बांगड्या थांबल्या. मामा ते दोन तुकडे पुन्हा जुळतात का, ते बघत राहिले. आडव्या रेषेचं लाकूड कच्चं, हे डबे बांधणाऱ्याला ठाऊक होतंच; पण या परीक्षेत त्यांनी ते कधी धरलं नव्हतं, आणि माणसंही एकाच बाजूने पाहिली होती. शेवटी खाकरून म्हणाले, "सरी, बरं. सोज्जी गार होते आहे. खा."

लग्नात वधूवरांना झोपाळ्यावर बसवायची तिकडची रीत; त्या झोपाळ्याची फळी मामांनी स्वतः रंधा मारून केली. साखळ्या लोखंडाच्या होत्या, आणि त्याबद्दल ते अक्षर बोलले नाहीत. अंबू सासरी गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो, तर मामा त्याच झोपाळ्यावर एकटेच बसलेले. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "लग्नात भार कोणी पेलला, मामा? फळीने की साखळीने?"

मला वाटलं, आता पुन्हा वजनाच्या काट्याची गोष्ट निघणार. त्यांनी साखळीवरून हात फिरवला. "दोघांनी," म्हणाले, आणि नेहमीच्या सवयीने आत हाक मारली, "अंबू, दोन कॉफी आण गं."

बराच वेळ झोपाळा तेवढा करकरत राहिला. मग मामी कॉफी घेऊन आल्या.