पाठ राखायची पाळी माझी होती

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. अम्मीला नाही, भावाला नाही. नमाजाला बसल्यावर कितीदा मनात आणलं — पण अर्ध्यावर आलो की दुसरंच काहीतरी मागून उठायचो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. की ओळखता? ओळखत असलात तरी आता सांगतोच.

मिरजेत आमचं गाद्यांचं दुकान आहे. कापूस पिंजायचा, गाद्या भरायच्या, घरोघर पोचवायच्या — हेच माझं काम. आणि नाद रेल्वेचा. पहिल्यापासून. धनंजय कोरेगावकडचा, त्यांच्या उसाच्या बांधाला लागूनच रूळ जातात. सांगलीत ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये नोकरीला लागला होता. एका रविवारी मिरज स्टेशनच्या पुलावर आम्ही दोघं एकाच इंजिनाकडे टक लावून उभे होतो, तिथं ओळख झाली. त्याचा थोरला भाऊ फौजेत. त्यानं सुट्टीवर येताना याला चांगला कॅमेरा आणून दिला होता. माझ्याकडे कॅमेरा नव्हता. मग एकच दोघांत वापरायचो.

मिरज स्टेशनच्या रेल्वे यार्डाच्या मागं, कुंपणाच्या बाहेर एक उंचवटा आहे. तिथनं वळण घेत येणारी गाडी पुरी दिसते. पण तिथं जायचं म्हणजे जपून. वस्ती गरिबाची, माणसं साधी — पण कडेच्या दोन पडक्या खोल्यांत जुगार चालायचा, दारू विकली जायची. कॅमेरा दिसला की तिथल्यांना वाटायचं, पोलिसांना द्यायला फोटो काढतायत. म्हणून आम्ही आमचं ठरवून घेतलं होतं. कॅमेरा गळ्यात घालायचा नाही, बाजाराच्या पिशवीतनं न्यायचा. आधी टपरीवर चहा घ्यायचा, चार माणसांना तोंड दाखवायचं. घरांकडे, बायकांकडे, त्या खोल्यांकडे तर कॅमेरा फिरवायचाच नाही. रुळावर पाय ठेवायचा नाही. अंधाराच्या आत निघायचं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं — एकाचा डोळा कॅमेऱ्याला, तर दुसऱ्याची नजर मागं. कॅमेऱ्याला डोळा लावला की माणूस आंधळाच होतो. मागं कोण आलंय, त्याला पत्ता नसतो. मागच्यानं हाक मारायची आणि पुढं होऊन बोलायचं. माझ्या बाबतीत बोलायचीही गरज पडत नसे. त्या वस्तीत निम्म्या घरांत आमच्या दुकानच्या गाद्या. गादीवाल्याचा आसिफ म्हटलं की झालं. धनंजयला मात्र तिथं कोणी ओळखत नव्हतं. तो माझ्या भरवशावर यायचा.

तेव्हा डिझेलची इंजिनं आमच्या मार्गावरनं हळूहळू जायला लागली होती. विजेच्या तारा वर चढत होत्या. एका दुपारी कॅमेरा माझ्याकडे होता, पाठ राखायला धनंजय. कुणीतरी वाकळा धुऊन दोरीवर टाकलेल्या. वारं आलं, दोन वाकळा बाजूला झाल्या आणि मधनं इंजिनाचं तोंड आलं — काळा धूर, मागं आभाळ. मी बटण दाबलं. धनंजयनं बघितलं आणि म्हणाला, "गड्या, असला फोटू मला जन्मात जमायचा न्हाई."

पुढं काही महिन्यांनी मी सांगलीत गाद्या पोचवायला गेलो होतो. वाटेत एका हॉलमध्ये फोटोंचं प्रदर्शन लागलेलं. सहज आत शिरलो. समोरच भिंतीवर — माझ्या वाकळा, माझं इंजिन. माणसाएवढा मोठा फोटो. पहिलं बक्षीस. खाली नाव धनंजयचं.

एक वयस्कर गृहस्थ शेजारी उभे होते. कौतुकानं म्हणाले, "काय नजर आहे या पोराची! तुम्ही ओळखता का याला?"

"मित्र आहे माझा," मी म्हणालो.

दुसरं काय म्हणणार होतो? घरोघर गाद्या पोचवणारा माणूस मी, कोण ऐकणार होतं? नाही — हे खोटं आहे. ऐकलं असतं. पण मला धनंजयच्या तोंडून ऐकायचं होतं. त्यानं स्वतः येऊन सांगावं, इतकंच. बक्षीस ठेव, नाव ठेव, पण मला सांग. एवढं मागणं जास्त होतं का?

रविवारी तो आला. नेहमीसारखा हसत. टपरीवर बसून ऊसतोडीचं बोलला, भावाची बदली झाली ते बोलला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. आता सांगेल. चहा संपला. आता सांगेल. उंचवट्यावर गेलो. त्यानं पिशवीतनं कॅमेरा काढला, म्हणाला, "आज मी काढतो, तू बघ मागं."

लांब भोंगा वाजला. त्यानं डोळा लावला. आणि मी मागं बघितलं — त्या खोल्यांतनं तिघं बाहेर पडले होते. सरळ आमच्याकडे. एकाच्या हातात दांडकं. त्यातल्या एकाला मी ओळखत होतो. त्याच्या बहिणीच्या लग्नाच्या गाद्या आम्हीच भरल्या होत्या.

हाक मारायला किती वेळ लागतो?

भीतीनं जीभ उचलली नाही, असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. पण मी घाबरलो नव्हतो. माझ्या मनात अगदी स्वच्छ आलं — कळू दे याला, पाठ उघडी पडली की कसं लागतं. आणि मी बाजूला सरकलो, तोंड फिरवलं. गाडी बघत राहिलो.

"ए, कुणाचं फोटू काढतुयास रं?" हे मी ऐकलं. मग कानफटात बसल्याचा आवाज. मग कॅमेरा दगडावर आपटल्याचा. धनंजय गुडघ्यावर बसला होता, कान धरून, आणि तरी दुसरी बसली. तेव्हा मी धावलो. "आवं दादा, सोडा त्याला! गाडीचं फोटू काढतोय तो, आपला माणूस हाय!"

ते थांबले. तेवढ्यानंच थांबले. ओळखीचा होता त्यानं माझ्याकडे बघितलं आणि दांडकं खाली केलं. "आरं, गादीवाल्याचा व्हय तू? मग आधी सांगायचं न्हाई?"

आधी सांगायचं न्हाई.

धनंजयच्या उजव्या कानाचा पडदा फाटला होता. दवाखाने केले, ऑपरेशन झालं, पण त्या कानानं त्याला आता ऐकू येत नाही. त्याची आई कोरेगावहून आली तेव्हा मी तिला सांगितलं, गाडीच्या आवाजात माझी हाक त्याला ऐकू गेली नाही. तिनं माझे दोन्ही हात धरले. "तू व्हतास म्हणून लेकरू वाचलं माझं." धनंजयनं तक्रारही केली नाही. म्हणाला, आसिफला त्याच वस्तीत धंदा करायचाय, त्याला त्रास नको.

मी हात सोडवून घेतले नाहीत. तक्रार कर, असंही म्हणालो नाही.

याला बरीच वर्षं झाली. तो परत गावी गेला, शेती बघतो. कॅमेरा पुन्हा घेतला नाही. मागच्या वर्षी नवं घर बांधलं, वास्तुशांतीला मला बोलावलं. पंगती बसायच्या आधी मला बांधावर घेऊन गेला. रुळांकडे तोंड करून उभा राहिला. मग म्हणाला, "त्यो वाकळांचा फोटू तुझा हाय. मी माझ्या नावानं लावला. बक्षीस घेतलं. तुला कवा सांगितलंच न्हाई." रडायला लागला. "आणि बघ, लगीच पुढच्या रविवारी देवानं कान घेतला माझा. शिक्षाच हाय ती, आसिफ. मी कुणालाच दोष देत न्हाई."

इतकी वर्षं ज्या वाक्याची मी वाट बघितली, ते त्यानं उच्चारलं होतं. आता बोलायची पाळी माझी होती. आजूबाजूला कोणी नव्हतं. गाडीही नव्हती, तिच्या आवाजावर ढकलायला.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "सोड रं. मी कवाच माफ केलंय."

त्यानं मला मिठी मारली. घरी येऊन आईला सांगितलं, आसिफनं मला माफ केलं. मग पंगतीत स्वतः उभं राहून मला वाढलं, आग्रह करकरून. मी जेवलो. पोटभर जेवलो.

देवानं नाही घेतला त्याचा कान. मी त्या तिघांना येताना बघितलं होतं, आणि गप्प राहिलो.