मंजुळाची झोप मोडली नाही म्हणून

धुरपतामायवर लिहितोय म्हटल्यावर वस्तीतले दोघं-तिघं हसले. म्हणाले, पिराजी, त्या बाईनं केलं काय? लेकरंच तर झोपवली. हो, लेकरंच झोपवली. आणि त्याच्यासाठीच तिला कामावरून काढलं. म्हणून लिहितोय.

लातूर जिल्हा वेगळा होऊन तीन-चार वर्षं झाली होती. आधी एका अर्जासाठी उस्मानाबादेपर्यंत एसटीत हाडं खिळखिळी करून घ्यावी लागत. आता कचेरी जवळ आली, साहेब जवळ आले, असं आम्ही मिरवत होतो. पाऊस मात्र दोन सालं फिरकला नाही. अहमदपूरच्या अलीकडे माळावर रोजगार हमीचा पाझर तलाव निघाला. बाया माती वाहायच्या आणि त्यांची लेकरं उन्हात ढेकळांवर पडून राहायची. लेकरं सांभाळायला कामावर एक बाई ठेवावी असं नियमात आहे, हे मी स्वतः वाचून काढलं. तहसीलीसमोर चार दिवस बसलो आणि ती जागा आणली. धुरपतामायचं नाव मीच दिलं.

पन्नाशीची विधवा बाई, आमच्या बौद्ध वस्तीतली. गावातल्या बायांनी सुरुवातीला स्वतःच्या लेकरांच्या झोळ्या आमच्यापासून दूर, वेगळ्या झाडाला बांधायला लावल्या. त्या झाडाला सावली नव्हती. आठवड्याभरात उन्हानं अकराच्या अकरा झोळ्या एकाच लिंबाखाली आणल्या.

लिंबाजवळ खोदकामानं मातीची एक पायरी झाली होती, वीतभर उंच. रांगती लेकरं तिथनं डोक्यावर पडायची. धुरपतामाय त्यांना वळवायची, आधी पाय खाली सोडायला लावायची. एकाच दिवसात कुणाला जमायचं नाही. पण तिनं एक गोष्ट हेरली. सकाळी धडपडून जे लेकरू लगेच झोपलं, ते उठल्यावर नीट उतरायचं. ज्याला खुळखुळा वाजवून जागं ठेवलं, ते संध्याकाळी पुन्हा डोक्यावरच.

"जागेपणी लेकरू धडपडतं, पिराजी. झोपंत ते अंगात मुरवून घेतं. बघ की, झोपंत बी पाय हलवून ऱ्हायलंय."

"माय, हे कोणत्या पुस्तकात हाय?"

"त्या पुस्तकवाल्याला आणून बसव हितं चार दिस. मुतेरी लंगुटं धुतली की समदं कळंल त्याला."

नागुबाईची मंजुळा दहा महिन्यांची झाली तरी रांगत नव्हती. सकाळी झोळीत टाकतानाच पोरीची मान लुळी असायची. एक दिवस धुरपतामायनं तिची पापणी उचलून बघितली. मी तिथंच पाणी पीत होतो.

"नागू, काय चारतीस हिला?"

नागुबाईनं टोपलं बाजूला ठेवलं. मग खाली बसली. "रातभर उठती वं माय. गुडघ्यावर येती, पडती, रडती. मला दिवस उगवताच माती वाहायची असती. सासूनं अफूचा कण दिला. समद्याच देतेत."

खरंच सगळ्याच द्यायच्या. आमच्याकडे घरोघरी त्याची डबी असायची.

"अगं, रांगायला शिकून ऱ्हायली म्हणून उठती ती. अफूची झोप मुडद्याची. त्यात लेकरू काय मुरवणार? आजपासून बंद. रातीला माझ्याकडं आणून टाक तिला."

आठ दिवस मंजुळा रात्रीची धुरपतामायकडे राहिली. नवव्या दिवशी लिंबाखाली रांगली. नागुबाईनं पाया पडून एवढंच मागितलं होतं, माय, अफूचं कुणाला सांगू नको, घरचे मलाच धरतील. धुरपतामायनं शब्द दिला. मीही दिला.

मग लातूरहून तपासणी आली. जागा ठेवायची की नाही, आणि ठेवली तर धुरपतामायलाच की दुसऱ्या कुणाला, हे त्या दिवशी ठरणार होतं. त्या जागेसाठी मुकादम वीरभद्रच्या मनात त्याची मेव्हणी होती. त्या सकाळी मंजुळा पहिल्यांदाच त्या पायरीशी झटली. कितीदा तरी पडली. शेवटी एकदा कसाबसा एक पाय खाली टेकला आणि तिथंच मातीत झोपी गेली. धुरपतामायनं उचलून झोळीत ठेवली. दुपारी जीप दिसताच मी लिंबाखाली धावलो.

"माय, उठव तिला. साहेबासमोर पायरी उतरू दे. जागा पक्की होईल तुझी."

"आता झोप मोडली तर सकाळचं समदं वाया जाईल तिचं. साहेबाला म्हणावं, बस घटकाभर."

साहेब बसला नाही. अकरा झोळ्या, अकराही गार. वीरभद्र हळूच म्हणाला, "साहेब, एवढी लेकरं एका टायमाला झोपतेत का कधी? बाई काहीतरी चारती."

"अफू देतेस?" साहेबानं विचारलं.

"न्हाई. इचारा त्यांच्या मायांना."

बायांना बोलावलं. धुरपतामाय ताठ उभी होती, फक्त नागुबाईकडे बघत. नागुबाई हातातल्या टोपल्याकडे बघत होती.

"आमी तिकडं मातीत ऱ्हातो, साहेब," नागुबाई म्हणाली. "हिकडं काय चारतेत, आमाला काय म्हाईत."

बाकीच्या दहा जणी मुक्या. एकीनं तोंड उघडलं तर पुढचा सवाल आपल्या घरातल्या डबीवर येईल, हे प्रत्येकीला कळत होतं. आणि मी? तहसीलदाराच्या टेबलावर मूठ आपटणारा पिराजी? नागुबाईचं नाव घेतलं तर बाया फुटतील, मजुरीवाढीसाठी काढायचा ठरलेला मोर्चा बसेल, असा हिशेब मी उभ्या उभ्या केला आणि गप्प बसलो. असाच हिशेब करणाऱ्या पुढाऱ्यांना मी चावडीवर शिव्या घातलेल्या आहेत.

जीप गेली. हजेरीच्या मस्टरवरनं धुरपतामायचं नाव गेलं. तासाभरानं मंजुळा उठली, रांगत पायरीशी गेली, वळली, दोन्ही पाय खाली सोडून उतरली. एकदाही तोल गेला नाही. धुरपतामायनं तिची माती झटकली आणि पोर नागुबाईच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी मी कलेक्टरला अर्ज लिहून तिच्याकडे नेला. सगळं घातलं होतं, नागुबाईच्या नावासकट. तिनं वाचून घेतला.

"तिचं नाव काढ."

"माय, तिनं तुझा गळा कापला."

"ती भ्याली. घरात मार खाणारी बाई हाय ती. तू कशाला भ्यालास?"

मी अर्जाची घडी घातली.

"फाड तो कागद. काल तोंड होतं की तुला."

मी फाडला. लिंबाखाली वीरभद्रची मेव्हणी बसू लागली. तिच्याकडची लेकरं दिवस मावळेपर्यंत तोंडं उघडी टाकून पडलेली असायची. ती का झोपतात हे कुणी विचारलं नाही. धुरपतामाय त्याच तलावावर माती वाहायला लागली. बायांशी बोलायची, माझ्याशीही बोलायची. पण त्यानंतर बारा वर्षं ती जगली, आणि कुठलं लेकरू कधी काय शिकलं, हे तिनं मला पुन्हा एकदाही सांगितलं नाही.